राक्षसांच्या लेकी

माझ्या सासरी, अकोल्याला, माझ्या मुलीच्या बाहुल्यांना भुतावळ म्हणतात. आम्ही अमरावतीहून पोचलो की सासूबाई दारातच विचारायच्या, "आनली काव तुही भुतावळ?" आणि मुलगी पाठीवरची बॅग थोपटून सांगायची, "आणली. सगळ्या आल्यात." त्यात राग नव्हता. पहिली दोनेक वर्षं तर ती निव्वळ थट्टा होती. थट्टेचा सूर कधी पालटतो हे त्या घरात रोज वावरणारीला लगेच कळत असेल, माझ्यासारख्या सणासुदीला जाणाऱ्या सुनेला उशिरा कळतं.

ज्यांच्या घरात लहान मुलगी नाही त्यांच्यासाठी सांगते. या बाहुल्या राक्षसांच्या लेकी असतात. एकीचा बाप माणसांचं रक्त पिणारा, एकीचा पौर्णिमेला लांडगा होणारा, एकीचा हजारो वर्षं चिंध्यांत गुंडाळून ठेवलेला. पोरी मात्र अगदी नटव्या. कुणाची कातडी गुलाबी, कुणाची निळी, कुणाला सुळे, कुणाच्या कानांवर केस, आणि अंगात असे झगे की आमच्या कोर्टाच्या बार रूममधल्या बायका पाहतच राहतील. सगळ्या जणी एकाच शाळेत जातात. जगात ज्या गोष्टीची लाज वाटावी ती तिथे मिरवायची असते. त्यांचं कार्टून आहे, सिनेमे आहेत, हिंदीतून बडबडतात. भाजी चिरताना शेजारच्या खोलीतून ते माझ्या कानांवर पडत राही, आणि मला वाटे, काय हे थेर!

पहिली बाहुली माझ्या भावाने पुण्याहून आणली. ती तुकडे जोडून शिवलेली होती. गालावर टाके, कोपरांवर टाके, गुडघ्यांवर टाके, आणि एक डोळा एका रंगाचा तर दुसरा दुसऱ्या. मी भावाला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, लेकराला देण्यासारखी ही वस्तू आहे का? तो म्हणाला, दुकानात हिच्यासाठी मुली भांडतात. आम्ही बाहेर आलो तेव्हा मुलगी जमिनीवर बसली होती. तिने स्वतःचा कोपर बाहुलीच्या कोपराला लावला होता. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, हिलापण आहे."

तिला कोड आहे. सातव्या वर्षी कोपरावर पहिला डाग दिसला, मग दोन्ही गुडघ्यांवर, मग ओठांच्या कडेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे लागत नाही, दुखत नाही, वाढेल की थांबेल हे सांगता येत नाही. सासूबाईंनी बावचीचं तेल पाठवलं आणि दुधाबरोबर खारट देऊ नको म्हणून फोनवर बजावलं. ते तेल लावून उन्हात बसल्यावर तिला फोड आले, तेव्हा मी ती बाटली उकिरड्यावर फेकली. नवरा पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. घरात असा काही विषय निघाला की तो मागच्या बाकावर जाऊन बसतो. "तू म्हणशील तसं" हे त्याचं वाक्य मला लग्नानंतर फार गोड वाटलं होतं. आता ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पण मुलीला त्या बाहुलीने सांभाळलं. हे मला कबूल केलं पाहिजे, कारण मला ते जमलं नव्हतं. मी तिला "काही नाही गं, बरं होईल" असं म्हणायची, म्हणजे ते वाईट आहे हेच सांगायची. बाहुली काहीच सांगत नव्हती. ती नुसती झोकात उभी राहायची. वाढदिवसाला, दिवाळीला, राखीला अशा एकेक करून त्या जमत गेल्या. भाद्रपदात आमच्या बिल्डिंगमधल्या मुलींनी भुलाबाई मांडली तेव्हा हिने सगळी फौज भुलाबाईच्या शेजारी उभी केली. गाणी झाली, डबा हलवून खिरापत ओळखून झाली, आणि कुणाच्या तरी आईने तोंड वाकडं करून विचारलं, "हे काय बाई देवापाशी?" माझी मुलगी म्हणाली, "भुलाबाई म्हणजे पार्वती ना? तिच्या लग्नात शंकराकडून सगळी भुतंच आली होती." मला तर खिरापतीपेक्षा ते वाक्यच गोड लागलं.

शाळेच्या गॅदरिंगला वेशभूषा स्पर्धा होती. बाकीच्या मुलींना आयांनी नऊवारी नेसवली, हातात लाकडी तलवारी दिल्या. हिने मला जवळ येऊ दिलं नाही. आरशासमोर बसली आणि काळ्या स्केचपेनने आपल्या प्रत्येक पांढऱ्या डागाच्या कडेने टाके काढले. कोपर, गुडघे, ओठांची कड. जणू तो डाग म्हणजे दुसऱ्या कापडाचा तुकडा, मुद्दाम निवडून जोडलेला. बिनबाह्यांचा झगा घातला, केस पिंजारले आणि स्टेजवर जाऊन म्हणाली, "मी राक्षसाची मुलगी आहे. माझे बाबा पॉलिटेक्निकला शिकवतात." हॉल हसून कोसळला. दुसरा नंबर आला. मी तिचा फोटो काढला आणि सासरच्या ग्रुपवर टाकला. इतकी आनंदात होते की अंगठा जरा थांबवावा असंही मनात आलं नाही.

ग्रुपवर रोज सकाळी फुलं आणि सुविचार टाकणारी माणसं त्या दिवशी गप्प होती. दुपारी थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. "फोटो भल्ला मस्त आहे व," त्या म्हणाल्या, "पन तेवढा काढून टाक. सोयरीक सुरू आहे ना आपल्याकडे."

सोयरीक त्यांच्या मुलीची होती. ही पुतणी माझ्या मुलीची ताई, आणि ताई म्हणजे तिचं दैवत. दिवाळीनंतर नागपूरकडचं एक स्थळ तिला पाहून गेलं होतं. पत्रिका आधीच जुळलेली, मुलाला मुलगी पसंत, सगळं बोलणं झालेलं. आठवड्याने निरोप आला की पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका एका आठवड्यात कशी उसवते, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशी माझी मुलगी फ्रॉकमध्ये घरभर हुंदडत होती आणि पाहुण्यांना पाणीही तिनेच दिलं होतं. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. पण त्यानंतर जाऊबाई तिच्या कोपराकडे पाहायच्या, आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे.

जाऊबाई वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी महिनाभर माझी उस्तवार केली आहे. त्या फक्त बाजार ओळखतात. घरात कोड आहे म्हटलं की लोक वरच्या आणि खालच्या पिढ्या मोजू लागतात, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. कोर्टात मी अशी लग्नं मोडताना रोज पाहते. त्या फोटोचं मात्र मी काही केलं नाही. तो तिथेच राहिला.

मग दर्यापूरचं स्थळ आलं. शेतीवाडीचं घर, काळी कसदार जमीन, मुलगा पुण्यात इंजिनियर. या वेळी पाहण्याच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावलं नाही. "तुमच्या कोर्टाच्या तारखा असतात" असं जाऊबाई म्हणाल्या. सगळं ठरलं आणि मे महिन्यात अकोल्याला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, धरलं. साक्षगंधाला मुलीच्या सख्ख्या काकाकाकूंना वगळता येत नाही, लोक विचारतात. म्हणून आम्ही गेलो. मुलीने बॅगेत भुतावळ भरली. दारात सासूबाईंनी बॅगेकडे पाहिलं आणि या खेपेला काही विचारलं नाही.

आदल्या संध्याकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात लाडू वळत होतो. बाहेरच्या खोलीत पुतणीच्या हातांवर मेंदी काढणं चाललं होतं आणि माझी मुलगी तिला चिकटून बसली होती. मध्ये नुसता पडदा. जाऊबाईंनी लाडू वळता वळता विषय काढला. "मी तुह्या पोरीले काही म्हनून नाही राहिली व. तिले फक्त पुऱ्या बाह्यांचं घालून दे, अन् पायापर्यंत. नाहीतर पाहुने जाईपर्यंत वरच्या खोलीत खेवू दे. तिच्या त्या भुतावळीसंग."

मी कोर्टात पुस्तकी मराठी बोलते. चिडले की वऱ्हाडी बाहेर येते. "कायले लपवू मी तिले? तिनं काय चोरी केली काय?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. "एकदा लगन लागलं का मंग गावभर हिंडव तिले."

"शंकराच्या वरातीत सगळी भुतावळच होती, आई. पार्वतीच्या बापानं पोरगी दिलीच ना?"

"ते देवाचं झालं," त्या लाडवावर बेदाणा दाबत म्हणाल्या. "आपल्याले दर्यापूरच्या लोकायले द्याची आहे पोरगी."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी संतापही आला. मी आवाज चढवला. हे काही पाप नाही, रोगराई नाही, तिला तिच्याच आजोबांच्या घरात कोंडून ठेवणार असाल तर आम्ही आत्ता गाडी काढतो, आणि उद्या पाहुण्यांनी विचारलं की धाकटे कुठे गेले, तर तुम्हीच सांगा. जाऊबाई रडू लागल्या. "एक सोयरीक गेली व माह्या लेकीची," त्या म्हणाल्या, "दुसरी जाऊ देऊ काय? तुही पोरगी लहान आहे. माही तीसची झाली." त्यांचं दुःख खरं होतं. ते माझ्या मुलीच्या अंगावर का टाकायचं एवढंच मला म्हणायचं होतं, पण ते मी ओरडून म्हटलं.

शेवटी भासरे, म्हणजे थोरले दीर, दारात येऊन उभे राहिले. शाळेत मुख्याध्यापक होते, कमी बोलतात. "येऊ द्या पोरीले," ते म्हणाले. "लपवून दिली अन् उद्या समजलं, तं आपलीच पोरगी तिथं मान खाली घालून राहील." विषय संपला. जाऊबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पुढचा लाडू घेतला. नवरा अंगणात कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं, आणि त्याने त्या ताट्या दोनदा भिजवल्या. मी जिंकले होते. इतक्या दिवसांचा माझा राग त्या संध्याकाळी पहिल्यांदा उतरला, आणि मी शांत झोपले.

सकाळी मी तिचा पिवळा, बिनबाह्यांचा फ्रॉक इस्त्री करून पलंगावर ठेवला. ती न्हाऊन आली, फ्रॉककडे पाहिलं आणि घरातले कपडे घालून म्हणाली, "मी वरच बसते."

"कुणी काही म्हणालं का?"

"नाही. खाली खूप गरम होतं."

अकोल्यात, मे महिन्यात, गच्चीलगतच्या खोलीत खालच्यापेक्षा गार असतं असं म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलत असतो नाहीतर तापलेला असतो. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. "कालचं सगळं ऐकलंस ना? तुला कुणीच अडवणार नाही. ताईच्या बाबांनीच सांगितलंय."

"ऐकलं," ती म्हणाली. "ताई रडत होती. मेंदीमुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. मी पुसले."

मी काही बोलणार तोच खाली गाड्यांचे हॉर्न वाजले, आणि धाकट्या सुनेला पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला हाका सुरू झाल्या. थोड्या वेळाने येईल, लहान आहे, गर्दी पाहिली की विसरेल, अशी माझी समजूत. बॅग घेऊन ती जिना चढत गेली. मी खाली आले.

दर्यापूरची माणसं मोठ्या आवाजाची आणि मोकळी निघाली. साडी दिली, ओटी भरली, अंगठी घातली. कूलर घरघरत होता आणि पुतणी लाजून हसत होती. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. माझ्या मनात आलं की हिचं चांगलं व्हावं, आणि ते अगदी खरोखर मनात आलं. फराळाच्या बश्या फिरत असताना मुलाच्या आईने मला जवळ बसवून घेतलं. थोराड, रापलेल्या चेहऱ्याची बाई, हातात ठसठशीत पाटल्या. "तुमाले एक पोरगी हाये ना व?" त्या म्हणाल्या. "आमच्या भाचीच्या मोबाईलवर कोनं तरी धाडलेला फोटो पायला होता. आंगभर टाके काढलेली. काय सोंग घेतलं होतं, बाप्पा! आमी भल्ले हासलो. कुठी हाये? बोलवा ना तिले."

जाऊबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. मुलाच्या आईने पाहिला होता तो फोटो. कित्येक महिन्यांपूर्वी पाहिला होता, हसल्या होत्या, आणि तरीही सोयरीक जुळवली होती. मी सासूबाईंकडे पाहिलं, जाऊबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत जेवढा विजय भरता आला तेवढा भरला. "वर आहे. आणते," म्हटलं आणि पायऱ्या जवळजवळ पळतच चढले.

खोली तव्यासारखी तापली होती. ती जमिनीवर बसली होती, केस कपाळाला चिकटलेले. तिने साक्षगंध मांडलं होतं. ओढणी अंथरून बैठक, मधोमध खोक्याचा पाट, रुमालाची घडी म्हणजे साडी, बाटलीच्या झाकणात कुंकू, कागदाच्या बश्यांत लाडवाचा भुगा. सगळं नीट, आणि बैठकीवर कुणीच नाही. बॅग भिंतीशी होती, चेन पूर्ण लावलेली.

"बाहुल्या कुठायत?"

"आत बसल्यात."

"सगळ्या? मग साक्षगंध कुणाचं?"

"मी आधी टाकेवालीला आत पाठवलं," ती म्हणाली. "मग निळीला. मग सुळेवाली राहिली होती, पण ती हसली की दिसतात. सगळ्यांनाच काही ना काही आहे, आई. बाहेर कुणाला ठेवणार?"

आवाजात रडणं नव्हतं. अगदी जाऊबाईंसारखा व्यवहारी स्वर होता, पाहुणे यायच्या आधी खुर्च्या मोजताना असतो तसा. मी तिच्यासमोर बसले आणि तिचे हात हातात घेतले. "ऐक. खाली तुला बोलावलंय. ताईच्या सासूबाईंनी स्वतः. त्यांनी तुझा गॅदरिंगचा फोटो पाहिलाय. त्यांना आवडला, खूप हसल्या त्या. लपायचं काही कारणच नाहीये."

तिने थोडा विचार केला. माझी मुलगी विचार करते तेव्हा खालचा ओठ चावते, आणि तो पांढरा डाग अर्धा आत जातो.

"त्यांना वाटलं असेल सगळंच रंगवलंय," ती म्हणाली. "टाके रंगवले तसे डागपण रंगवलेत. म्हणून हसल्या."

उलटतपासणीत माणसं माझ्यासमोर गडबडतात. वीस वीस वर्षं साक्षी देत आलेले जुनेजाणते साक्षीदार गडबडतात. त्या नऊ वर्षांच्या पोरीसमोर मी गडबडले. खालच्या बाईने ‘सोंग’च म्हटलं होतं. मी ते ऐकलं होतं आणि जिंकण्याच्या नादात त्याचा अर्थ घेतला नव्हता.

"तू जा," ती म्हणाली. "मला बरं नाही म्हणून सांग. ताईचं होऊ दे." मग माझा चेहरा पाहून तिने माझ्या हातावर थोपटलं. अंगात ताप असलेल्या माणसाला थोपटावं, तसं. "खरंच सांग, आई. मला राग नाही येणार."

जिना उतरताना मी कठड्याला धरून उतरले. खाली सगळ्यांनी वर पाहिलं. जाऊबाईंची नजर माझ्या मागे जिन्यावर होती. पुतणीचे मेंदीचे हात मांडीवर घट्ट मिटलेले होते. मी माझ्या जागेवर बसले, पदर सावरला, आणि मुलाच्या आईला म्हणाले, "तिला जरा बरं नाही. झोपलीय."

"उन्हाचं असंच हाये यंदा," त्या मायेने म्हणाल्या. "लेकरू हाये. कांद्याचा रस चोळा तळपायाले, अन् दोन दिवस बाहीर काढू नका."